आता कसा येतो?

आमच्या गल्लीत तारमास्तर कुठे राहतात असं कोणालाही विचारा. खालचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा न उचलता नुसत्या भुवईने वरचा मजला दाखवील. तारमास्तर म्हणजे आमचे हे. तारखात्याशी यांचा जन्मात संबंध आला नाही. सगळी नोकरी गेली बाटल्यांच्या कारखान्यात, फिटर म्हणून. पण संध्याकाळी आमच्या खिडकीतून कट्ट-कडकट्ट ऐकू येतं, म्हणून कधीतरी कोणीतरी तारमास्तर म्हटलं आणि ते चिकटलं. मलाही मग मास्तरीणबाई म्हणायला लागले. मी आयुष्यभर इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसले, ते कोणाच्या लक्षात नाही.

यांचं खूळ काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हॅम रेडिओ म्हणतात त्याला. परीक्षा द्यायची, सरकारी परवाना काढायचा, मग अक्षरं आणि आकडे मिळून तुमचं एक नाव ठरतं, आणि घरबसल्या जगातल्या कुठल्याही तसल्याच खुळ्या माणसाशी बोलता येतं. लोक त्यासाठी मोठमोठे सेट घेतात, गच्चीवर मनोरे उभारतात. यांचं सगळं उलट. यांचा सेट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, स्वतःच्या हाताने जोडलेला. ताकद किती, तर झिरोच्या बल्बला लागते त्याहून कमी. तोंडाने बोलायचं नाही, कळ दाबून मोर्सची लांब-आखूड टिकटिक पाठवायची. खिडकीतून समोरच्या झाडापर्यंत ताणलेली एक तार, ती अँटेना. एवढ्यावर यांची टिकटिक समुद्र ओलांडून जाते आणि पलीकडचा तसल्याच एखाद्या डब्यातून उत्तर देतो. मी सुरुवातीला म्हटलं होतं, अहो, एवढी हौस आहे तर घ्या ना चांगला मोठा सेट. तर म्हणाले, ओरडून काय, कोणीही ऐकवेल. आपण हळू बोलायचं आणि पलीकडच्याने कान देऊन ऐकायचं, खरी मजा त्यात आहे. मी कपाळाला हात लावला. पण खोटं कशाला बोलू, कारखान्यातून घामेजलेलं, वाळलेलं तोंड घेऊन आलेला माणूस त्या डब्यासमोर बसला की तासाभरात ताजा होऊन उठायचा. कुठल्या तरी परक्या देशातला कोणी यांना ऐकू आला की हे मुद्दाम स्वयंपाकघरात येऊन सांगायचे, आणि मी अस्सं का म्हणायचे.

परीक्षेच्या वेळी मोर्स शिकायला यांना कोणी जोडीदार नव्हता. मग मी चमच्याने ताटलीवर वाजवायचे आणि हे ओळखायचे. यांची परीक्षा झाली, हे पुढे गेले, माझ्या डोक्यातून मात्र ते गेलंच नाही. हळू पाठवलं तर मला आजही अक्षर न् अक्षर कळतं.

यांचा एक दोस्त आहे. मी त्यांना बेटवाले म्हणते. हवामानखात्यातर्फे एका बेटावर पाऊस-वारा मोजायला होते. निवृत्त झाले, बायको वारली, मूलबाळ नाही, तिथेच राहिले. यांची आणि त्यांची गाठ पडली ती अशीच, हवेतल्या हवेत. कधी भेटले नाहीत, एकमेकांचा चेहरा पाहिला नाही. तरी रोज संध्याकाळी, जेवणाआधी, भेट ठरलेली. मोर्स पाठवणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो, अक्षर असतं ना तसा. बेटवाल्यांच्या हातावरून हे सांगायचे की आज त्याचा गुडघा दुखतोय, आज स्वारी खुशीत आहे. माझं डोकं दुखतंय हे मात्र यांना तोंडाने सांगावं लागायचं.

आता मुख्य गोष्ट. भेट झाली की आधी एकमेकांना आकडा द्यायचा, तुझा आवाज इकडे कसा येतो त्याचा. एक म्हणजे जेमतेम, नऊ म्हणजे कानाशी बसून बोलल्यासारखा. बाकीचे लोक ऐकू येवो न येवो, सगळ्यांना नऊ देऊन मोकळे होतात. आपण भेटेल त्याला ‘बरे दिसताय हं’ म्हणतो, त्यातलाच प्रकार. या दोघांना त्याची भयंकर चीड. एवढ्याशा ताकदीवर बोलणाऱ्या माणसाला खरा आकडा मिळाला नाही तर तो सुधारणार कसा, असं त्यांचं म्हणणं. दोन तर दोन, तोंडावर सांगायचं. यांनी मला आयुष्यात लहानसहान थापा शेकड्याने मारल्या असतील, पण आकडा कधी खोटा दिला नाही. बेटवाल्यांचा इकडे बहुतेक सात यायचा, हवा चांगली असली की नऊ.

तर हे बेटवाले कमी व्हायला लागले.

आज सहाच आला, असं हे जेवताना म्हणाले, तेव्हा मी लक्ष दिलं नाही. मग पाच झाला. मग चार. हे अस्वस्थ. सेट बिघडला असेल, तार गंजली असेल, समुद्राकाठी सगळं गंजतं, असं स्वतःशीच बडबडायचे. मी त्या वेळी दुसऱ्याच गोष्टीने वैतागले होते. दारावरची बेल वाजवून वाजवून माणूस परत जायचा आणि हे दाराशेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले असायचे. टीव्ही इतका मोठा, की खाली न्हाव्याच्या दुकानात बातम्या फुकट. लेकीचा फोन आला की हे हो हो म्हणत सुटायचे, आणि ती बिचारी विचारत असायची, बाबा, आज भाजी कुठली होती. कारखान्यात दिवसभर पट्ट्यावर काचेवर काच आपटते. तिथल्या जुन्या फिटरांत धड कानांचा एक माणूस दाखवा. कानात काहीतरी घालत चला म्हणून मी सांगून सांगून थकले. मशीन काय बोलतंय ते ऐकू नको का यायला, हे यांचं उत्तर.

पण दोन्ही गोष्टी मी जोडल्या त्या हेडफोनमुळे. सेटवर एक बटण असतं, टिकटिक बारीक सुरात ऐकायची की जाड, ते ठरवायचं. पूर्वी यांच्या हेडफोनमधून डासासारखा बारीक सूर निसटायचा. तो हळूहळू उतरत भुंग्यासारखा घोगरा झाला. आणि मोठा. इतका मोठा की ओट्यापाशी भाजी चिरताना बेटवाले काय म्हणतायत ते मला कळायला लागलं. बघा म्हणजे, हेडफोन यांच्या कानाला, मी स्वयंपाकघरात, मला अक्षरं लागतायत, आणि हे पाठवतायत, तुझा आवाज तीन.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली सुरी तशीच घेऊन बाहेर गेले आणि म्हटलं, अहो, ते कमी नाही झाले, तुम्ही बहिरे झालात. यांनी हेडफोन काढून विचारलं, काय म्हणालीस? मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. हे उठले आणि न जेवता झोपायला गेले. त्यानंतर त्या शब्दाला घरात बंदी. मी कसली ऐकते. येता-जाता म्हणायचे. पण बहिऱ्याला बहिरा म्हणायचं तर ओरडूनच म्हणावं लागतं, आणि ते सगळ्या इमारतीला ऐकू जातं. म्हणून संध्याकाळ झाली की हे खिडक्या लावून घ्यायला लागले, तारेपुरती फट ठेवून.

यांनी काय नाही बदललं. हेडफोन नवे आणले. डब्यातले सगळे भाग उपसून नवे घातले. समोरच्या झाडावरची तार उतरवून दुसरी चढवली. कान सोडून सगळं बदललं. आणि आकडा खाली चालला तो चाललाच.

इकडे हे एवढं करतायत, तर तिकडे बेटवाले काय करत असतील? त्या माणसाचा यांच्या आकड्यावर आंधळा विश्वास. हा तीन म्हणतोय म्हणजे तीनच, दोष आपल्यात आहे. त्यांनी सेट खोलून पुन्हा जोडला. तार बदलली. मग तार उंच हवी म्हणून घराच्या छपरावर चढले. या वयात, चक्कर येते म्हणून गोळ्या चालू असताना. रोज काहीतरी नवीन करायचे आणि संध्याकाळी विचारायचे, आता कसा येतो? मला ते स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू यायचं. आणि हे डोळे मिटून, हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून, जिवाच्या आकांताने ऐकायचे आणि पाठवायचे, दोन.

एकदा बेटवाले छपरावरून घसरले. नडगी सोलवटली. त्यांनी ते गमतीत सांगितलं, पण हे जेवायला बसले आणि यांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, माणूस थकत चाललाय गं, त्याच्या हातात जोर उरला नाही. डोळे भरून आले होते यांचे. मी डोक्याला हात लावून बसले. जो माणूस धडधाकट बोलतोय त्याच्यासाठी हे रडतायत, आणि यांच्या रडण्यापायी तो छपरावरून पडतोय. म्हटलं, निदान चढू नका एवढं तरी पाठवा. तर ते यांनी आधीच पाठवलं होतं. बेटवाले म्हणाले होते, मग तुला ऐकू कसा येणार? त्या बेटावर त्यांना मनातलं बोलायला दुसरं होतं कोण.

शेवटी मीच सांगायचं ठरवलं. हे आंघोळीला गेलेले बघून डब्यासमोर जाऊन बसले. कसं कोण जाणे, यांना वास लागला. ओल्या अंगाने बाहेर आले, कळ उपसली आणि खिशात नाही तर चक्क पंच्यात खोचली. म्हणाले, परवाना माझ्या नावाचा आहे, मला विचारल्याशिवाय हात लावलास तर गुन्हा होतो. गुन्ह्याची भीती मला नव्हती. पण त्या पंच्यातल्या माणसाचा चेहरा असा काही झाला होता, की मी उठले. कारखान्यातून निवृत्तीला फार दिवस राहिले नव्हते. त्यानंतर यांच्याकडे हा डबा आणि हा एक दोस्त, एवढंच उरणार होतं. बहिरा हा शब्द घरात शिरला की डबा बंद, हे यांना माझ्याआधी कळलं होतं.

मग बेटवाल्यांनी खांबाचं काढलं. बेटावरच्या गावाला पाणी देणारी उंच टाकी होती, लोखंडी शिडीची. तिच्यावर खांब उभारायचा, त्याच्या टोकाला तार. वारा पडला की चढतो म्हणाले. त्या दिवशी आमचं जे भांडण झालं तसं लग्नापासून झालं नव्हतं. तुमच्या हट्टापायी तो माणूस मरेल, असं मी स्पष्ट म्हटलं. हे उठून डब्याचं झाकण लावून आले. मग म्हणाले, उद्या कानाच्या डॉक्टरकडे येतो, एकदाचं तुझं तोंड बंद होऊ दे.

कानाच्या दवाखान्यात एक काचेची खोली असते. पेशंटने आत बसायचं, हेडफोन लावायचा, हातात एक बटण धरायचं. बाहेरची बाई यंत्रातून एकेक सूर सोडते. ऐकू आला की बटण दाबायचं, बाहेर दिवा लागतो. मला त्या बाईने शेजारी स्टूल दिलं. बाई कंटाळलेली होती. एकीकडे कोणाशी तरी सुट्टीबद्दल फोनवर बोलत होती आणि दुसऱ्या हाताने सूर सोडत होती, ठोका धरल्यासारखे. आणि यांचा दिवा प्रत्येक सुराला लागत होता. मोठ्याला लागला, लहानाला लागला, त्याहून लहानाला लागला. बाई म्हणाली, काका या वयात फारच छान ऐकतात की. मला वाटलं, आपलंच डोकं फिरलं असावं. इतके दिवस या माणसाला नाही नाही ते बोलले.

मग माझं लक्ष यांच्या पायाकडे गेलं. डोळे मिटलेले आणि उजवा पाय फरशीवर हलकेच हलत होता. डब्यासमोर बसल्यावर हलतो तसा. मी बाईला म्हटलं, जरा थांबता का, मधे सोडूच नका काही. ती माझ्याकडे तिरकं बघत थांबली. आत काही आवाज नव्हता. आणि दिवा लागला. परत लागला. परत.

लबाडी नव्हती ती. मी शपथेवर सांगते, लबाडी नव्हती. सगळं आयुष्य खरखरीतून पुढचा ठोका हुडकण्यात गेलं, हाताला सवयच ती. यांना खरोखर वाटत होतं की ऐकू येतंय. मग यांनी डोळे उघडले. काचेतून बाईचा यंत्रावरून उचललेला हात पाहिला, माझा चेहरा पाहिला, आणि आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. तो अजून दाबत होता.

पुढची तपासणी बाईने फोन ठेवून नीट केली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की दोन्ही कान बरेच गेलेत, यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं थोडंफार कळेल. बारीक टिकटिकीचं विचारलं तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. घरी दारात आल्यावर हे चपला काढता काढता म्हणाले, "म्हणजे तो कधी कमी झालाच नव्हता. मीच त्याला वर चढवला." मी पाणी आणायला आत गेले. मला यांच्याकडे बघवत नव्हतं.

खिडकीबाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. वारा पडला होता. संध्याकाळची वेळ व्हायची होती, पण हे तसेच डब्यासमोर बसले आणि पाठवायला लागले. चढू नकोस. चढू नकोस. हेडफोन यांनी आपण होऊन काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. बोर्डावर बसायचे तेव्हाचीच सवय, मी तो कानांवर नीट बसवला. आत खरखर होती, दुरून कोणाकोणाची घाईची टिकटिक होती, बेटवाले नव्हते. यांनी विचारलं, आला? मी नाही म्हणून मान हलवली.

त्यानंतर रोज तेच. हे पाठवायचे, मी ऐकायचे, हे माझ्या तोंडाकडे बघायचे. लेकीने हॅम लोकांच्या क्लबात फोन केला. त्यांच्याकडे बेटवाल्यांचा पत्ता होता, पण त्या टोकाला टेलिफोनच नाही म्हणाले, चौकशी करू म्हणाले, आणि ती चौकशी राहिली तिकडेच. हे दोन घास खाऊन उठायला लागले. कारखान्यात रजा टाकली. एकदा माझ्यावरच खेकसले, तुलाच नीट ऐकू येत नसेल. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. कारण मलाही तीच शंका खात होती. बोर्डावरून उठून मलाही किती वर्षं झाली. पलीकडे माणूस गेलाय म्हणून शांत आहे, की माणूस घसा फोडतोय आणि आपल्यालाच येत नाही, हे या खरखरीतून कसं ओळखायचं? यांनी इतके महिने जे भोगलं ते मला तेव्हा कळलं.

मग एका संध्याकाळी काहीतरी आलं. अगदी हळू, अडखळत. जिथे लांब हवं तिथे आखूड, मधेच थांबणं, परत पहिल्यापासून. बेटवाल्यांचा हात एव्हाना मलाही ओळखीचा होता. धुतल्यासारखा स्वच्छ. हा तो नव्हता, कोणीतरी शिकाऊ होता. यांनी विचारल्यावर मी तसंच सांगितलं, कोणी नवखा आहे, सोडा. पण हे ऐकेनात. नाव काय देतोय ते लिही म्हणाले. मी जुन्या पाकिटाच्या पाठीवर एकेक अक्षर उतरवायला लागले. नाव अर्धं झालं तेवढ्यात हे खुर्चीतून उठले. ते बेटवाल्यांचं होतं.

पुढचं यायला फार वेळ लागला, पण इतकं हळू होतं की मला एक अक्षर चुकलं नाही. खांब बसवला. उतरताना शिडीवरून पडलो. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्याने पाठवतोय. आता कसा येतो?

मी पाकीट यांच्यापुढे धरलं. हे ते वाचत उभे राहिले. परत वाचलं. मग खाली बसले आणि मला विचारलं, "कितीने येतोय?"

"नऊ," मी बोटांनी दाखवत म्हटलं.

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"नऊ म्हणजे नऊ."

यांनी नऊ पाठवला. मग तो डावा हात पुन्हा चालू झाला, आणि मी लिहीत गेले तसतसे हे माझ्या खांद्यावरून वाचत गेले. तूही नऊ वाटायला लागलास? पडलो म्हणून? मला दयेचा आकडा नको. खरा दे. प्लास्टर निघालं की खांब आणखी वर नेतो.

यांनी कळ हाताखाली घेतली. आखूडचं लांब होत होतं आणि लांबाचे तुकडे. काहीही जात होतं. मी यांचं मनगट धरलं. यांनी हात काढून घेतला आणि कळ माझ्याकडे सरकवली.

"तू पाठव. मी बहिरा झालोय म्हणून सांग."

इतके महिने हा शब्द मी या माणसाच्या तोंडावर फेकत होते. पाणी भरताना, ताट वाढताना, दारं आपटताना. आणि आता कळ समोर होती, परवानेवाला स्वतः पाठव म्हणत होता, तर माझा हात चालेना. मी यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, कान जरा मंद झालेत असं पाठवते. यांनी मान हलवली. म्हणाले, जरा म्हटलंस तर तो परत चढेल. बहिराच पाठव.

मी पाठवलं. चमच्याने ताटलीवर वाजवायचे तसंच, एकेक अक्षर वेगळं. तुमचा आवाज नऊ आहे. कधी कमी झालाच नव्हता. हे बहिरे झालेत. चढू नका. मी काय पाठवतेय ते यांना ऐकू येत नव्हतं, पण डोळे माझ्या बोटावर होते, आणि बोट बघून हे अक्षर न् अक्षर वाचत होते. त्या शब्दापाशी मी थांबले, तेव्हा यांनी पुढे म्हणून खूण केली.

कळ सोडली. खरखर, नुसती खरखर. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मग आलं, अडखळत, डाव्या हाताने. मी लिहून पाकीट फिरवलं. नीट आलं नाही. पुन्हा सांगा.

बेटवाल्यांना खरंच आलं नव्हतं, की आलेलं नको होतं, ते मला आजही माहीत नाही. यांना वाटलं, माझं पाठवणं कच्चं पडलं. मग हे माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि मला अक्षरं सांगायला लागले, बहिरा माणूस बोलतो तितक्या मोठ्याने. खिडकी लावायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. खाली न्हाव्याचं दुकान चालू होतं. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हे त्या शब्दाचं एकेक अक्षर म्हणत होते, आणि मी कळ दाबत होते.